भट्टीपासून दूर

बिरगाव, रायपूर
दि. १९ जानेवारी २०२४

ती. ताईस,
इंद्रजीतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र नवीन वर्षाच्या आधीच पोचलं होतं, उत्तराले उशीर झाला. काहून झाला ते सांगतो, पण आधी हे वाच की मी घरी आहो, दोन वेळ जेवतो, अंगणात फिरतो. आता पुढचं वाच. फोनवर तुले ऐकू येत नाही, आणि कोणाच्या हातून निरोप धाडला असता तर तू भेटेल त्या गाडीत बसली असती. म्हणून मी मीराले म्हटलं, ताईले मीच लिहीन.

पाच तारखेले सकाळच्या पाळीत मी भट्टीसमोर उभा होतो. दोनचार दिवस चक्कर येऊन राहिली होती, मी म्हटलं पित्त असेल. त्या दिवशी डोळ्यापुढं सगळं पिवळं झालं अन् मी पॅनलरूमच्या दारातच पडलो. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाले तीस. डॉक्टरनं समजावून सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यातला इशारा खालच्या कप्प्यात पोचतच नाही, मधली वाट तुटली. आठ तारखेले त्यायनं डाव्या खांद्याखाली चीर देऊन पेसमेकर बसवला. त्याची एक तार शिरेतून थेट हृदयात गेली आहे. आता नाडी साठच्या खाली जात नाही, मी झोपलो तरी.

दीड महिना डावा हात खांद्याच्या वर उचलायचा नाही, तार सरकते म्हणतात. मी झोपेत हात डोक्याखाली घेतो हे तुले ठाऊक आहे, म्हणून पायल रोज तिची ओढणी घेऊन माझा हात कमरेले बांधून देते अन् हसते, म्हणते पापा, भागना मत. शर्टाची बटणं मीरा लावते. बावन्न वर्षाच्या माणसाची ही दशा. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही, उजव्या कानाले लावायचा. पेसमेकरचं एक कार्ड दिलं आहे, ते जाईन तिथं जवळ ठेवायचं.

सुट्टी देताना डॉक्टरनं विचारलं की काम काय करता. मी म्हटलं, उरल्याच्या कारखान्यात भट्टीवर लोखंड वितळवतो, बिजलीची भट्टी, सत्तावीस वर्षं झाली. त्याचा पेन थांबला. म्हणे, त्याच्याबद्दल तपासणीले आले की बोलू. एवढंच. पण ताई, त्यानं ज्या तोंडानं ते म्हटलं ना, ते मले आवडलं नाही.

माया आहे तशी राहू दे. काळजी करून राहू नको.

तुझा,
इंद्रजीत

*

आमगाव, जि. गोंदिया
दि. २७ जानेवारी २०२४

प्रिय चि. इंद्रजीत यास,
भीमाताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. वाचून झाल्यावर सूप तसंच ठेवलं आणि हे लिहायला बसले. "घरी आहो" हे पहिल्याच ओळीत लिहिलंस, बरं केलंस. मात्र "आहो" नव्हे, "आहे". चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, सख्ख्या भावाची भाषा तेवढी सुधारली नाही.

दोनचार दिवस चक्कर येते आणि माणूस भट्टीसमोर जाऊन उभा राहतो, याला काय म्हणावं? तू लहानपणीही असाच होतास. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा, मी सतरा. तुला टायफॉइड झाला तेव्हा ताप अंगात घेऊन तीन दिवस शाळेत जात होतास, कारण मला सांगितलं तर मी रडेन असं तुला वाटत होतं. त्या दुखण्यात मी तुझ्या छातीला कान लावून बसायची. आता कान लावला तरी मला काही ऐकू यायचं नाही. कानातलं यंत्र लावते, पण त्यात फक्त भांडी पडल्यासारखा आवाज येतो. माणसाचं बोलणं येत नाही.

मी अकरा फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर पायलला पाठव, तू येऊ नकोस. येताना जवसाची चटणी आणते. मीराला सांग की एकटीने सगळं अंगावर घेऊ नको.

कामाचं डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून घे आणि ऐकल्यावर तसंच वाग. भट्टीवाचून माणसं जगतात रे बाबू.

तुझ्यावर जीव लावून असलेली,
ताई

*

बिरगाव, रायपूर
दि. १६ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू येऊन गेली ते आठ दिवस घर भरल्यासारखं होतं. मीरा अजूनही म्हणते की ताईंनी शिकवलेली वांग्याची भाजी जमत नाही. जयंतीले यंदा मी मिरवणुकीत गेलो नाही, चौकात खुर्ची टाकून बसलो.

तीन महिन्याची तपासणी झाली. छातीवर एक चकती ठेवतात अन् कॉम्प्युटरवर सगळं दिसते. डॉक्टरनं सांगितलं की आता मशीनचे ठोके हळूहळू कमी करून पाहू, तुमचं स्वतःचं हृदय किती चालते ते समजेल. त्यानं पन्नास केले, चाळीस केले, तीस केले. मी वाट पाहून राहिलो होतो की आता माझं सुरू होईल. काहीच आलं नाही, ताई. पाय थंडे पडले, कानात वारा भरल्यासारखं झालं, मग त्यानं घाईनं पुन्हा वाढवले. म्हणे, तुम्ही पूर्ण मशीनवर आहा. त्याच्या खाली काही नाही.

मग त्यानं कागदावर लिहून दिलं की बिजलीच्या भट्टीजवळ अन् वेल्डिंगजवळ जायचं नाही. भट्टीच्या भोवती चुंबकाची ओढ असते, तिनं मशीन फसते. मशीनले वाटते की हृदय आपोआप चालून राहिलं, अन् ती थांबते. ती थांबली की मी थांबलो.

खरं तर कंपनीनं मार्चातच मले गेटवर बसवलं होतं, तुले लिहिलं नाही. गेटवर ट्रक येतात, धूळ येते, आपण आडवा बांबू वर करायचा, तोही उजव्या हातानं. ज्या पोट्ट्यायले मी लोखंडावरचा मळ, स्लॅग, काढायले शिकवलं ते ड्यूटीवर जाताना खाली पाहून जायचे. धुराचा रंग पाहून मले तिथून समजायचं की आतमधी हीट, म्हणजे एका खेपेचं लोखंड, बिघडून राहिली, पण आत जायची परवानगी नव्हती. मी एकदा एकाच्या हातून निरोप धाडला की चुना टाका. मॅनेजरनं बाहेर येऊन सांगितलं, काका, आप आराम करो. एप्रिल लागला तसं गेटचं काम दुसऱ्या एजन्सीले दिलं अन् मले घरी बसायले सांगितलं. सत्कार केला, शाल दिली. ती शाल मीरानं कपाटात टाकली, मी पाहिली नाही.

मीरा शाळेत पोषण आहाराचं काम करते, पायल बूढ़ापाऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात जाते. दोघी गेल्या की मी आहो अन् पंखा आहे. डॉक्टर म्हणे फिरत जा, म्हणून एक दिवस पायलसोबत बूढ़ा तलावापर्यंत गेलो. तिथं सगळे रिटायर लोक, सत्तरीचे. त्यायच्यात बसलो.

तू म्हणशील, जगला ना. हव, जगलो.

आठवण ठेवत जा.
तुझा,
इंद्रजीत

*

बिरगाव, रायपूर
दि. ४ मे २०२४

ती. ताईंना,
मीराचा नम्र जयभीम. वि. वि.

मी सहसा पत्र लिहीत नाही, सगळं हेच लिहितात. पण आता लिहावं लागून राहिलं. ह्यांना सांगू नका की मी लिहिलं.

बावीस एप्रिलपासून हे सकाळी पाचला डबा घेऊन निघतात. मला म्हणाले की उरल्यातच एका छोट्या कारखान्यात स्टोअरचं काम मिळालं, सामान द्यायचं-घ्यायचं, बसून काम. मी खूश झाले, ताई. तीन महिने ह्यांनी माझ्याशी नीट बोलणं केलं नव्हतं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आता येऊन हसतात, पायलला चिडवतात, भूक लागली म्हणतात. मला वाटलं, सुटलो.

काल कपडे धुताना शर्टाच्या बाहीवर बारीक बारीक भोकं दिसली. वीस वर्षं मी हेच शर्ट धुतले, ती भोकं कशाची ते मला कोणी सांगायची गरज नाही. स्टोअरमध्ये ठिणग्या उडत नाहीत. मी शर्ट त्यांच्यासमोर धरला, तर म्हणाले की जुना आहे. जुना नाही, ताई, तुम्ही फेब्रुवारीत येताना आणला तोच निळा.

मशीनचं कार्ड कपाटात चड्ड्याबनियनखाली लपवून ठेवलेलं सापडलं. सोबत नेत नाहीत, म्हणजे तिथं कोणाला ठाऊक नाही.

मी भांडले तर पुन्हा तोंड फिरवून पडतील, ह्याची मला भीती वाटते. न भांडले तर त्याहून जास्त भीती वाटते. तुमचं ऐकतात, तुम्ही लिहा.

तुमची मायेची सावली असू द्या.
मीरा

*

आमगाव
दि. ९ मे २०२४

चि. इंद्रजीत,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज खुशालीचं काही लिहीत नाही. एकच विचारते आणि उत्तरही एकाच ओळीचं पाहिजे. तू भट्टीवर परत गेलास का?

गेला असशील तर हे पत्र वाचून झाल्यावर उद्यापासून जाऊ नकोस. मला कोणी सांगितलं ते शोधत बसू नकोस. लहानपणी तू खोटं बोललास की मी तुला भिंतीकडे तोंड करून उभं करायची. आता तुझ्या भिंतीपर्यंत माझा हात पोचत नाही, याचा मला इतका राग येतो की लिहिताना अक्षर बिघडतं आहे.

डॉक्टरने लिहून दिलेला कागद तूच मला कळवलास. "ती थांबली की मी थांबलो" हे तुझेच शब्द आहेत. ते लिहून सहा दिवस होत नाहीत तोच तू तिथं उभा राहिलास?

तुझी,
ताई

*

बिरगाव, रायपूर
दि. १७ मे २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हव, गेलो.

एका ओळीत लिहिलं, आता थोडं जास्त लिहू दे. रागावू नको, शेवटपर्यंत वाच.

बूढ़ा तलावावरून येताना मले नरहरी भेटला. तुले तो ठाऊक नाही, तुमसरचा आहे, भट्टीवर लागायच्या आधी आम्ही रोलिंग मिलमधी सोबत होतो, मग भेट नव्हती. तो म्हणे, आमच्या ठेकेदाराकडं चांगला मेल्टर नाही, रोज हीट वाया जाते, येतो का? तिथं डॉक्टरचा कागद मागत नाहीत. मी त्याले सांगितलं की जुन्या कंपनीत भांडण झालं म्हणून सोडलं. मशीनचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मले तिथूनच घरी धाडलं असतं, तो तसा माणूस आहे.

पहिल्या दिवशी भट्टीचं तोंड पाहिलं, ताई, अन् मले रडू आलं. लोखंड कसं असते ते तुले मी कधी सांगू शकलो नाही. आधी लाल, मग नारिंगी, मग असं पांढरं की त्याच्यात पाहिलं तर ते हलून राहिलं असं वाटते. नुसतं पाहून मी सांगू शकतो की आता काढा, आता नाही. दुनियेत मले एवढंच येते. नरहरी सगळ्यायसमोर मले उस्ताद म्हणते. त्याची बायको अंजनाबाई डब्यात माझ्यासाठी एक भाकर जास्तीची देते. त्यायले लेकरू नाही, दोघंच.

मी जवळ जात नाही. दहाबारा हात दूर उभा राहतो अन् सांगतो. वितळल्या लोखंडाचा नमुना काढायच्या वेळेसच पुढं जा लागते, दोन मिनिट. एकदोनदा डोळ्यापुढं अंधारी आली, तवा मागं सरकलो, गेली.

मले ठाऊक आहे हे बरोबर नाही. घरी पडल्या पडल्या मी रोज नाडी मोजायचो, साठ, साठ, साठ, अन् म्हणायचो, हे काय जगणं आहे. मरायले मी तिथं गेलो नाही, ताई. तिथं जगतो म्हणून गेलो. पण मीराचं तोंड पाहवत नाही. हा महिना झाला की सोडतो. ठेकेदारानं दुसरा माणूस पाहून ठेवला आहे. एकतीस तारखेले शेवटचा दिवस. शब्द देतो.

राग मनात ठेवू नको.
इंद्रजीत

*

रायपूर
दि. ७ जून २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

मला मराठीत लिहायची सवय नाही, गलती झाली तर माफ कर. मम्मी सध्या लिहू शकत नाही आणि पापा लिहीत नाहीत.

पापा ठीक आहेत. आधी हे लिहायला मम्मीने सांगितलं.

२९ मे ला सकाळी दस बजे पापा नमुना घ्यायला भट्टीजवळ गेले. तिथं त्यांना चक्कर आली आणि ते समोरच्या बाजूला, भट्टीच्या तोंडाकडे पडायला लागले. नरहरी काका बाजूला होते. त्याच वेळी वरून भंगार टाकणं चालू होतं, सगळे लोक मागे हटतात तेव्हा, काका पण हटले होते. पण पापा पडताना दिसले म्हणून ते परत पुढे आले आणि दोन्ही हातांनी पापांना धरून मागे फेकलं. भंगार ओलं होतं. त्या पाण्याने वितळलेलं लोखंड उसळलं आणि काकांच्या पाठीवर आणि पायांवर पडलं. पापा मागे पडले आणि भट्टीपासून दूर गेल्यावर मशीन आपोआप चालू झाली. त्यांच्या अंगावर जळल्याचा एक पण छाला नाही, आत्या. एक पण नाही.

काका आठ दिवस दवाखान्यात होते. मी रोज ड्यूटीनंतर जात होते. पापा बाहेर बेंचवर बसून असायचे, आत जायचे नाहीत. काकांनी दोनदा विचारलं की उस्ताद कैसा है. काल सकाळी ते गेले.

डॉक्टरांनी पापांची मशीन तपासली. त्यात सगळं लिहिलेलं असतं. २९ तारखेला १० वाजून ४ मिनिटांनी मशीन नऊ सेकंद थांबली होती. डॉक्टर पापांवर ओरडले नाहीत, फक्त स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

ठेकेदाराने चौकशीच्या कागदात लिहिलं की नरहरी काका दारू पिऊन आले होते आणि आपल्या चुकीने जळले. पापांना गरमीने चक्कर आली असं लिहिलं. मशीनचं तिथं कोणालाच माहीत नाही. काका दारू पीत नव्हते, ही गोष्ट पूरा मोहल्ला जाणतो.

पापा दहा दिवसांपासून बोलत नाहीत. तू काहीतरी लिही. तुझं अक्षर पाहिलं तर वाचतील.

तुझी,
पायल

*

आमगाव
दि. १३ जून २०२४

प्रिय चि. इंद्रजीत,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पायलचं पत्र मिळालं. त्या माणसाला मी पाहिलं नाही, त्याचा आवाज ऐकला नाही, आणि माझा भाऊ त्याच्यामुळे जिवंत आहे. सकाळ-संध्याकाळ वंदना घेताना त्याचं नाव घेते. 

आता जे लिहिते ते नीट वाच आणि हे पत्र फाडून टाक. जे झालं ते कोणाला सांगू नकोस. नरहरीच्या बायकोलाही नाही. सांगून तो परत येणार नाही. लोक तुला खुनी म्हणतील. पायलचं लग्न व्हायचं आहे, मीराला त्याच वस्तीत राहायचं आहे, नळावर पाणी भरायचं आहे. तुला पोलीस बोलावतील, मशीन दाखवा म्हणतील. तुझी तब्येत हे सोसणार नाही. अंजनाबाईला लागेल ती मदत कर, तिचं दळण आण, तिच्याकडे मीराला पाठव, पण तोंड उघडू नकोस.

तुला वाटेल ताई असं कसं सांगते. सहा वर्षांचा तुला उचलून मी मोठं केलं आहे. मला दुसरं कोणी नाही. जगात जे होईल ते होवो, तू राहा, एवढंच मला पाहिजे. यात मला लाज वाटत नाही.

जेवत जा. औषध घेत जा.
तुझी,
ताई

*

बिरगाव, रायपूर
दि. ५ जुलै २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र फाडलं. पण तू सांगितलं तसं केलं नाही.

नरहरीच्या तेरवीले गेलो होतो. तुमसरकडचे पाहुणे आले होते. जेवणं झाल्यावर त्याच्या एका चुलतभावानं सगळ्यायच्या देखत अंजनाबाईले विचारलं की तो कवापासून प्यायले लागला होता. ती भांडी उचलत होती, ती उचलत राहिली. मी तिथंच बसलो होतो, ताई, पत्रावळीसमोर.

त्याच्यानंतर पंधरा दिवस मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो अन् परत यायचो. मंगळवारी दुपारी गेलो. ती एकटी होती, गहू निवडत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. मशीन, डॉक्टरचा कागद, भांडणाची खोटी गोष्ट, नऊ सेकंद. मले वाटलं होतं ती ओरडेल, मारेल, लोकं गोळा करेल. मी त्याचीच वाट पाहून राहिलो होतो.

तिनं सगळं ऐकलं, मग एवढंच विचारलं की त्यायले ठाऊक होतं का. मले हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तिले वाटलं असतं की तो समजून-उमजून मेला. मी म्हटलं, नाही, त्याले सांगितलं नव्हतं. ती सुपाकडं पाहत म्हणे की ठाऊक असतं तर त्यायनं तुमाले गेटाच्या आत येऊ दिलं नसतं. अन् मग म्हणे, आता जा.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीच्या साहेबाकडं लेखी दिलं. पायलनं हिंदीत लिहून दिलं, मी सही केली. मीराले आधी विचारलं. ती म्हणे की सही नीट करा, वाचता आली पाहिजे.

तुझा शब्द मोडला. भिंतीकडं तोंड करून उभा आहो असं समज.

इंद्रजीत

*

आमगाव
दि. १४ जुलै २०२४

चि. इंद्रजीत,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चुकले मी. शाळेत पोरांना जे चाळीस वर्षं सांगितलं त्याच्या उलट तुला लिहिलं, आणि वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन, हे मला ठाऊक आहे. म्हणून माफी मागत नाही. तू माझं ऐकलं नाहीस, ते मात्र बरं झालं.

पुढे काय होतं ते कळव. मी इथे बसून दुसरं काय करू? पोस्टमनची घंटा ऐकू येत नाही, म्हणून अकरा वाजल्यापासून दारातच खुर्ची टाकून बसते.

तुझी,
ताई

*

बिरगाव, रायपूर
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चार महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. तू दर पंधरा दिवसांनी लिहीत राहिली, ते सगळं वाचलं. तुझा गुडघा आता कसा आहे?

चौकशी संपली. ठेकेदाराच्या वकिलानं माझाच कागद पुढं केला. म्हणे, या माणसानं बिमारी लपवली, ठेकेदाराले काहीच ठाऊक नव्हतं, तर त्याचा काय दोष? साहेबानं ते मानलं. भंगार ओलं होतं, पायाले बरोबर बूट नव्हते, कठडा नव्हता, त्याच्याबद्दल एक शब्द नाही. सगळं माझ्यावर आलं अन् तिथंच संपलं. मी खोटं बोललो नसतो तर नरहरी जिता राहिला असता. अन् मी खरं बोललो नसतो तर दारूची गोष्ट टिकली नसती, भंगाराचं अन् कठड्याचंच निघालं असतं, अंजनाबाईले ठेकेदाराकडून काहीतरी भेटलं असतं. दोन्ही वेळेस तिचंच गेलं. हे मी मीराले सांगितलं तर ती म्हणे की असं मोजू नका. कसं मोजू ते तिनं सांगितलं नाही.

वस्तीत लोक बोलतात, पण मोजकं. पायलसाठी भिलाईहून एक जण पाहायले येणार होता, तो आला नाही. ती म्हणते, अच्छा हुआ पापा, मेरे को भी नहीं जमता. दुकानात जाते, येते. माझ्याशी बोलते, पण आधीसारखी चिडवत नाही.

परवा दहा महिन्याची तपासणी झाली. मशीन एकदम बरोबर आहे. डॉक्टर म्हणे बॅटरी अजून अकरा वर्षं तरी जाईल. मी शर्टाची बटणं लावत राहिलो. त्याले वाटलं मले नीट ऐकू आलं नाही, त्यानं पुन्हा सांगितलं, अकरा.

काल अंजनाबाई आली. जुलैपासून ती आमच्या गल्लीत आली नव्हती. तिच्या हातात चौकशीचा निकाल होता, तिले वाचता येत नाही. मले वाटलं ती विचारायले आली की आता पुढं कुठं जायचं, वरच्या कोर्टात की काय. तसं नव्हतं. तिनं पायलले समोर बसवलं अन् म्हटलं, त्यायच्याबद्दल काय लिहिलं ते वाच. पायलनं शोधून वाचलं की मृतक नशे में नहीं था, मृतक की कोई लापरवाही नहीं पाई गई. अंजनाबाईनं ते तीनदा वाचायले लावलं. तिसऱ्या वेळी तिचे ओठ पायलसोबत हलत होते. मग कागदाची घडी करून तिनं ब्लाउजमधी ठेवली.

मीरानं चहा ठेवला होता, ती थांबली नाही. मी दारापर्यंत गेलो.  ती चप्पल घालता घालता माझ्याकडं न पाहता म्हणे की तुमी जगत राहजा, भाऊ. तुमी जगता त्याचा मले राग नाही, आनंदही नाही.

अन् गेली. ती वळणाआड होईपर्यंत मी दारातच होतो. तुले सांगावं म्हणून आज लिहायले बसलो, दुसरं काही नाही.

पत्र लिहीत जा. इथं तेवढंच येते.

तुझा,
इंद्रजीत